कृष्णगिरीवरचीं घरें

लेणें हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं वावरतो. एक लेणें अंगावर घालावयाचें आणि दुसरें डोंगरांत जाऊन पाहावयाचें. उच्चार एकच असल्यामुळें दोहोंची सरमिसळ होते, आणि लेण्यांची गोष्ट निघतांच आपल्या डोळ्यांपुढें डोंगराच्या अंगावरचा एखादा दागिनाच उभा राहतो. परंतु या दुसऱ्या लेण्याचें कुळ निराळें आहे. प्राकृतांतील ‘लेण’ आणि संस्कृतांतील ‘लयन’ या शब्दांचा अर्थ राहण्याची, विसाव्याची जागा असा आहे. म्हणजे लेणें हें आधीं घर. मूर्ती, वेलबुट्टी आणि शोभा हें सारें मागाहूनचें. हा अर्थ मनांत धरून जो लेणीं पाहावयास जाईल, त्यास मूर्तीपूर्वीं निजावयाचा ओटा दिसेल, नक्षीच्या खांबापूर्वीं उंबरठा दिसेल, आणि सर्वांच्या आधीं दारांतलें पाण्याचें टांकें दिसेल. आम्हांस तें ज्या ठिकाणीं दिसलें तें आम्हां ठाणें-कल्याणकरांच्या अगदीं उशापाशीं आहे, आणि कदाचित् त्यामुळेंच आमच्यापैकीं फार थोडे लोक तेथें जातात. तें ठिकाण म्हणजे कान्हेरी.

साष्टी बेटाच्या मध्यावर डोंगरांची जी रांग आहे, तिच्या पूर्वेकडील पायथ्याशीं ठाणें वसलें आहे आणि पश्चिमेकडे बोरिवली. कान्हेरी या रांगेच्या पोटांत आहे. ज्या काळ्या पाषाणाच्या डोंगरांत हीं लेणीं खोदलीं, त्यास जुन्या लेखांत कृष्णगिरि असें नांव आहे, व ‘कण्हगिरि’ या त्याच्या प्राकृत रूपावरूनच कान्हेरी हें नांव आलें. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत या स्थळाचें सविस्तर वर्णन असून ठाण्याहून तें अवघें सहा मैल सांगितलें आहे. आतां ही सारी भूमि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडते. मध्यें बिबट्यांचें रान आहे, व परवानगीवांचून येऊरच्या बाजूनें डोंगर ओलांडतां येत नाहीं. तेव्हां पूर्वेकडच्या शेजाऱ्यास वळसा घालून पश्चिमेच्या दारानें जावें लागतें.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तसेंच गेलों. बरोबर ठाण्याचे आमचे एक वृद्ध स्नेही होते. आयुष्य शाळेंत गेल्यामुळें सारेच त्यांना गुरुजी म्हणतात. शिवाय आमच्या वहिनी आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. कल्याणहून पहांटेची गाडी धरली, दादरास ती बदलली, आणि ऊन्ह वर येण्यापूर्वीं बोरिवलीस उतरून उद्यानाच्या दाराशीं पोहोंचलों. तेथून लेणीं सहा-सात किलोमीटरांवर आहेत. बस मिळते, परंतु गुरुजींचा आग्रह पडला कीं, घर पाहावयाचें तर त्याच्या अंगणांतून चालत जावें. दोन्ही बाजूंस साग, बांबू, कुडा. पाऊस संपून दोन महिने झाले तरी ओढ्यांत अजून पाणी होतें.

प्रवासी येथें आले म्हणजे प्रथम तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहांत शिरतात, आणि तें योग्यच आहे. पडवीच्या दोन टोकांस सुमारें सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती उभ्या आहेत. आंत दोहों बाजूंस खांबांच्या ओळी आणि शेवटीं स्तूप. यज्ञश्री सातकर्णीच्या राजवटींत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, गजसेन व गजमित्र या दोन व्यापारी भावांनीं हें काम केल्याचा लेख दाराशीं आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं याच चैत्याचें सेंट मायकेलचें देवालय केलें. त्यांच्यापैकीं एक पाद्री डोंगराच्या आंतील भुयाराचा शेवट शोधण्यास निघाला आणि सात दिवस चालूनही त्यास तो लागला नाहीं, अशी कथा दिओगु दु कोतु या त्यांच्या इतिहासकारानें लिहून ठेविली आहे. भुयार असें कांहीं नाहीं. परंतु या डोंगरानें परक्या माणसास किती भुलविलें, हें त्यावरून समजतें.

आम्ही मात्र चैत्यांत फार वेळ रेंगाळलों नाहीं. तो राजरस्ता सोडून मधल्या घळीच्या कडेनें वर चढूं लागलों, आणि कान्हेरीचें खरें रूप दिसावयास लागलें. घळीच्या दोन्ही अंगांस एकावर एक अशीं लेणीं आहेत. मोजलीं तर शंभराहून अधिक भरतात. त्यांपैकीं बहुतेक लहान आहेत: पुढें अंगण, दोन खांबांची पडवी, आंत एक दालन, त्याच्या कडेनें बसावयाचा दगडी बांक, आणि एखादी अंधारी खोली, तींत निजावयाचा ओटा. कोणी बांधकाम समजणाऱ्या माणसानें शांतपणें विचार करून आंखलेलीं हीं घरें आहेत. एका अंगणांतून दुसऱ्यांत जावयास खडकांतच पायऱ्या खोदल्या आहेत. पावसांत पडवीपुढें छप्पर टाकावयाचें, म्हणून खांब रोवण्याच्या खळग्यासुद्धां जागच्या जागीं आहेत.

आणि प्रत्येक अंगणाच्या कडेस, दाराशेजारीं, पाण्याचें टांकें आहे. वरच्या उतारावर बारीक चर खोदले आहेत. पावसाचें पाणी त्या चरांतून गोळा होतें, आणि टांक्यांत उतरतें. टांक्याचें तोंड लहान ठेविलें आहे आणि पोट आंत दूरवर खडकांत गेलें आहे, म्हणजे ऊन्ह लागून पाणी उडूं नये. चार महिने कोसळणारा पाऊस आठ महिने पुरवावयाचा, हा कोंकणांतील प्रत्येक गृहिणीच्या माथ्यावरील प्रश्न या लोकांनीं छिन्नीनें सोडविला होता. मुलानें एका टांक्यावर ओणवें होऊन हांक मारली. आंतून ती हांक गार होऊन परत आली.

येथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपींतील सुमारें शंभर लेख आहेत. १८६० च्या सुमारास वेस्ट नांवाच्या एका इंग्रज इंजिनियरानें त्यांच्या नकला उतरविल्या. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनीं १८८१ सालीं त्यांपैकीं पुष्कळांचीं वाचनें प्रसिद्ध केलीं. आणि १९९१ सालीं शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ निघाला. गुरुजींनीं त्यांतून टिपणें काढून आणिलीं होतीं. एका सावलींत बसून ते तीं वाचूं लागले, आणि पहिल्या दोन-तीन नोंदींतच आम्ही सावरून बसलों. कल्याणचा सोनार सामिदत्त, याचें दान पाण्याचें टांकें. कल्याणचा लोहार नंद, याचें दान वाट. चेमुलचा, म्हणजे आजच्या चौलचा, धमनक. याचेंही दान वाट.

“काका, हे कल्याणचे म्हणजे आपल्या गांवचे?” मुलानें विचारलें.

“आपल्याच गांवचे,” आम्ही म्हणालों. “फक्त अठराशें वर्षें जुने.”

त्या काळचें कल्याण कसें होतें, याची थोडी माहिती परदेशी ग्रंथांत मिळते. पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशाच्या वर्णनांत ‘कल्लिएन’ हें बंदर आहे; पूर्वीं तेथें मोकळा व्यापार चाले, पण पुढें राजकीय भांडणामुळें तेथें येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेत, असें तो सांगतो. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या दुसऱ्या एका प्रवाशानें कल्याणच्या बाजारांतील पितळ, शिसवी लांकूड व कापड यांचा उल्लेख केला आहे. कान्हेरीच्याच एका लेखावरून खुद्द कल्याणांत अंबालिकाविहार नांवाचा एक विहार होता, असें समजतें. अशा त्या गजबजलेल्या बंदरांतील एक सोनार आणि एक लोहार यांना या निर्जन डोंगराची आठवण झाली. सोन्याचे कण वेंचून सांठविणाऱ्या हातांनीं पाणी सांठविलें, आणि लोखंड ठोकणाऱ्या हातांनीं खडकांत वाट काढविली. दोघांनींही मूर्ति दिली नाहीं. जें नसेल तर घर चालणारच नाहीं, तेंच दिलें.

राजकुळाचा माणूसही येथें पाण्याच्याच दारीं येतो. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळांतल्या महाक्षत्रपाची मुलगी होती. सातवाहन आणि क्षत्रप या एकमेकांशीं झुंजणाऱ्या दोन घराण्यांत सोयरीक झाली होती, याचा हा मोठा पुरावा इतिहासकार मानतात. हा पुरावा कोठल्या विजयस्तंभावर नाहीं. तो सतेरक नांवाच्या अमात्यानें दिलेल्या टांक्यावरील लेखांत आहे. राणीचें माहेर आणि सासर कोणतें, हें जगास कळलें तें पाण्याच्या निमित्तानें.

वहिनींचें लक्ष मात्र वेगळ्याच शोधांत होतें. दहा-बारा घरें हिंडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊजी, निजावयाची सोय दिसली, पाण्याची दिसली. चूल कोठें आहे?”

गुरुजी प्रसन्न झाले. “वहिनी, तुम्हीं नेमका प्रश्न विचारलात. भिक्षूच्या घरांत चूल नसते. तो भिक्षेवर राहावयाचा. म्हणून या घरांचा दुसरा अर्धा भाग येथें नाहींच. तो खालीं गांवांत आहे.” मग त्यांनीं दाखविलें कीं, मंगलठाण येथील एक शेत येथल्या संघास दिल्याचा लेख आहे, तें मंगलठाण म्हणजे बोरिवलीजवळील मागाठाणें. कोणी रकम कायमची ठेवून तिच्या व्याजांतून भिक्षूंस वस्त्रें द्यावींत, अशी व्यवस्था करी. तिला ‘अक्षयनीवि’ म्हणत. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यांत आम्ही गेलों, त्यास दरबार म्हणतात. त्याच्या लांब दालनांत जमिनीपासून थोडेसेच उंच असे दोन दगडी बांक समोरासमोर टोंकापर्यंत गेले आहेत. येथें दरबार कसला भरतो! पंक्तीस बसण्याची ती जागा असावी, हें वहिनींनीं पाहतांक्षणीं सांगितलें, आणि विद्वानांचें मतही बरेंच तसेंच आहे. शिलाहार राजांच्या वेळचे शके ७६५, ७७५ आणि ७९९ या सालांचे तीन लेख कान्हेरीस आहेत; त्यांत दूरच्या गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नांवाच्या दात्याच्या शंभर द्रम्मांची नोंद आहे; आणि विहाराची दुरुस्ती, भिक्षूंचीं वस्त्रें व पुस्तकें यांचीही तरतूद केलेली आढळते. छप्पर, कापड आणि पुस्तक यांसाठीं पैसा वेगळा काढून ठेवणारें दुसरें घर आम्हां मध्यमवर्गीयांचें.

दुपारीं आम्ही घळीच्या पलीकडे उंचावरच्या नव्वदाव्या लेण्याकडे गेलों. तेथें १००९ आणि १०२१ या सालांचे पहलवी लिपींतले लेख आहेत. कांहीं पारशी गृहस्थ येथें येऊन गेले आणि त्यांनीं आपलीं नांवें व दिवस लिहून ठेविले. ते धर्मासाठीं आलेले नव्हते. आमच्यासारखेच पाहावयास आले असावेत. हें ऐकून मुलगा एकदम म्हणाला, “मग खालच्या भिंतीवर लोकांनीं खिळ्यानें नांवें कोरलीं आहेत, त्यांना सगळे वाईट कां म्हणतात? सामिदत्तानेंही नांवच लिहिलें. या पारशांनींही.”

प्रश्न थट्टेचा नव्हता. वाटेंत दोन-तीन लेण्यांच्या भिंतींवर बदाम, बाण आणि जोडनांवें आम्हीं सर्वांनींच पाहिलीं होतीं, आणि मोठ्यांनीं नेहमींप्रमाणें मान हालवून पुढें पाऊल टाकिलें होतें. गुरुजी कांहीं वेळ उत्तर देईनात. पारशांची बाजू त्यांनीं सोडूनच दिली. हजार वर्षांनीं खोडीचाही दस्तऐवज होतो, एवढेंच म्हणाले. मग म्हणाले, “सामिदत्ताचें नांव पुसून टाक. काय राहील?”

“टांकें,” मुलगा म्हणाला.

“आणि त्या बदामांतलें नांव पुसलें तर?”

मुलगा गप्प राहिला. पण त्याचें पुरतें समाधान झालें असें आम्हांस वाटलें नाहीं, आणि आमचेंही झालें नाहीं. कारण तो खिळा घेऊन येणारा तरुण आणि सामिदत्त या दोघांची भूक एकच आहे: आपण येथें होतों, हें कोणीतरी वाचावें. सामिदत्तास त्या भुकेसाठीं गांवानें एक रीत घालून दिली होती. आधीं लोकांच्या उपयोगाचें कांहीं दे, मग त्यावर नांव घाल. आजच्या तरुणास भिंत दिसते, खिळा मिळतो, पण ती रीत त्यास कोणी सांगितलेली नसते. दंड करून भिंत राखतां येईल, आणि ती राखलीच पाहिजे. पण रीत दंडानें शिकवितां येत नाहीं.

मग हीं घरें ओस कां पडलीं? अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानांत मेसा व्हर्डे येथें जाऊन आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनीं तेथील कड्यांतल्या वस्तीचीं चित्रें आम्हांस दाखविलीं होतीं. तीं कान्हेरीच्या घळींत बसल्यावर आठवलीं. तेथें प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनीं कड्याच्या कपारींत दगडमातीचीं घरें बांधलीं. एका वस्तींत तर दीडशेंच्या आसपास खोल्या आहेत. इसवी सन १३०० च्या सुमारास तीं सारीं घरें रिकामीं झालीं. झाडांच्या खोडांतील वर्तुळें मोजून शास्त्रज्ञांनीं ताडलें कीं, १२७६ पासून १२९९ पर्यंत तेथें भयंकर अवर्षण होतें. गांव सोडण्याचीं कारणें आणखीही असतील, पण पाणी हें त्यांतलें मोठें. १८८८ सालीं गुरें शोधणाऱ्या गोऱ्या लोकांनीं तीं घरें पाहिलीं आणि ‘शोध लागला’ असें जाहीर केलें. वास्तविक होपी, झुनी इत्यादि त्यांचे वंशज दक्षिणेस आजही नांदत आहेत. त्यांच्या लेखीं तीं घरें हरवलेलींही नाहींत आणि रिकामींही नाहींत. पूर्वज तेथेंच आहेत, असें ते मानतात.

कान्हेरीची गोष्ट याच्या उलट आहे. येथें पाणी आटलें नाहीं. हजार वर्षांची वस्ती दहाव्या-अकराव्या शतकांत विरळ होत गेली, तरी पाऊस पडतच राहिला आणि चरांतून टांक्यांत उतरतच राहिला. आटली ती खालच्या गांवांतून वर येणारी वाट. दानबुद्धि आटली असेंही नाहीं. शिलाहारांच्याच राज्यांत शके ९८२ मध्यें, म्हणजे १०६० सालीं, कल्याणच्या पलीकडे अंबरनाथाचें देखणें शिवमंदिर उभें राहिलें. ओघ वळला, आणि ज्या घरास चूल नव्हती तें घर राहिलें नाहीं. घळीच्या एका अंगास सत्याऐंशीव्या क्रमांकाच्या ठिकाणीं विटांच्या लहान लहान स्तूपांची रांग आहे. येथें देह ठेवलेल्या स्थविरांचीं तीं स्मारकें, आणि त्यांवरील नांवें गोखले यांनीं वाचलीं आहेत. तेथें उभे राहिलों असतां त्या होपी लोकांचा आम्हांस हेवा वाटला. ते आपल्या कड्यास घर म्हणतात. आम्ही कल्याणकर सामिदत्ताचे रक्ताचे वंशज असूं वा नसूं, त्याच्या गांवाचे वारस खात्रीनें आहों. पण आमच्या शाळांतून शिकून निघालेल्या मुलास त्याचें नांव ठाऊक नसतें.

आणि याच डोंगराचें पाणी आपण पुन्हां प्यावयास लागलों, हीही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मुंबईची तहान भागविण्यासाठीं याच रांगेंत १८६० सालीं विहार तलाव आणि १८७९ सालीं तुळशी तलाव पुरा झाला. शहर वाढलें, तशी तहान डोंगर ओलांडून आमच्या जिल्ह्यांत आली. तानसा, भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यांत झाले. त्या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. सोनारानें गांवांतून डोंगरावर पाणी दिलें. आम्ही डोंगराकडून शहरांत पाणी घेतों. घेण्यांत पाप नाहीं. परंतु सामिदत्ताच्या हिशेबांत घेण्याच्या शेजारीं देण्याचाही एक रकाना होता, आणि तो दगडावर लिहिलेला असल्यामुळें आम्हांस वाचतां येत नाहीं असें म्हणण्याची सोय नाहीं.

म्हणून ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील वाचकांस आमची एक विनंति आहे. मुलांस घेऊन कान्हेरीस जावें. मोठ्या मूर्ती अवश्य पाहाव्यात. त्या कोणी न सांगतांही दिसतात. पण एखाद्या लहानशा घराच्या अंगणांत थांबून मुलांस आधीं वरचे चर दाखवावेत, मग टांकें दाखवावें, आणि हें आपल्या गांवच्या एका सोनारानें दिलेल्या टांक्यासारखेंच आहे, असें सांगावें. पायऱ्या उतरतांना नंद लोहाराचें नांव घ्यावें. घरीं आल्यावर मुलें विचारतील कीं, आपण काय दिलें? या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक घरानें आपापल्या ऐपतीप्रमाणें शोधावयाचें आहे. सामिदत्तानें आणि नंदानें तें तसेंच शोधलें होतें.